पालखी, मिकोशी आणि समज्ज

फाल्गुन महिना लागला की नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील चाळींमध्ये एक प्रकारची चलबिचल सुरू होते. रजेचे अर्ज लिहिले जातात, कोकण रेल्वेची तिकिटे मिळाली की नाही याची चौकशी होते, एस. टी. च्या जादा गाड्यांची वेळापत्रके हातोहात फिरतात. या वस्तीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांतील बहुतेकांना शिमग्याला गावी जायचे असते, कारण त्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडते आणि घरोघर जाते.

आमच्या पालिच्या वर्गातही असेच एक कोकणातील तरुण उपासक येतात. गेल्या वर्षी त्यांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांच्या गावातील मंडळींनी बौद्धवाडीला निरोप धाडला होता की, आता खांदा द्यायला गावात माणसे उरली नाहीत. तेव्हा यंदा वाडीतील तरुणांनी पालखीला खांदा द्यावा, पालखी वाडीतही येईल. या तरुणाचे आजोबा पूर्वी त्याच पालखीपुढे ढोल वाजवीत. १९५६ नंतर त्यांनी तो ढोल खुंटीला टांगला आणि पुन्हा कधी खाली घेतला नाही. “सर, आता काय करावे?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याच दिवशी वर्गातील दुसऱ्या एका विद्यार्थिनीने जपानमधील एका यात्रेचे छायाचित्र आणले होते. शेकडो माणसे एक सोनेरी देव्हारा खांद्यावर घेऊन रस्त्यात नाचवीत आहेत, असे ते दृश्य होते. ते पाहून वर्गात कोणीतरी उद्गारले, “हा तर आपला शिमगाच!”

हे दोन्ही प्रसंग एकाच वेळी घडल्यामुळे आम्हास या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावासा वाटला. देव देवळातून निघून रस्त्यावर येतो तेव्हा नेमके काय घडते? भगवान बुद्धांच्या काळी असे उत्सव होते काय, आणि त्यांविषयी पालि वाङ्मय काय सांगते? आणि आज त्यांच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न आहे.

कोकणातील पालखी

ज्यांना शिमगा केवळ रंगांचा सण म्हणून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी प्रथम त्याचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. कोकणात शिमग्याचा आरंभ फाल्गुन शुद्ध पंचमीस, म्हणजे फाकपंचमीस होतो. काही गावांचा मुख्य होम त्रयोदशीस होतो. त्यांना ‘तेरसे शिमगे’ म्हणतात. इतर गावांचा पौर्णिमेस होतो. ते ‘भद्रेचे शिमगे’ होत. होळीसाठी माड, पोफळ, आंबा किंवा सावर यांपैकी एखादे झाड तोडतात आणि ते खांद्यावरून नाचवीत आणून उभे करतात. ग्रामदेवतेचे धातूचे मुखवटे, ज्यांना ‘रूपे’ म्हणतात, ते वर्षभर बंदोबस्तात ठेवलेले असतात. शिमग्यात ती रूपे पालखीत लावली जातात आणि पालखी देवळातून बाहेर पडते.

पालखी ज्या चौथऱ्यावर मुक्कामाला बसते त्यास ‘सहाण’ म्हणतात. तेथून ती वाडीवाडीत आणि घराघरांत जाते. घरातील स्त्रिया ओटी भरतात, नवस फेडले जातात, गुरव किंवा गावकर गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली मंडळी “व्हय महाराजा” असा प्रतिसाद देतात. ढोलताशांच्या तालावर पालखी नाचविली जाते. काही गावांत जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढावयाचा असतो. त्यास ‘खूण काढणे’ म्हणतात. शेजारच्या गावांच्या दोन पालख्या सीमेवर एकमेकींस भेटतात, तो सोहळा पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटतो. पालखी कधी अकस्मात जड होते, कधी भलत्याच दिशेला ओढते. ती ओढ खांदेकऱ्यांची नसून देवाची आहे, अशी श्रद्धा असते.

या सर्वांत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पालखीचा मार्ग, तिच्या थांब्यांचा क्रम, पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, हे सर्व परंपरेने ठरलेले असते. त्यासच ‘मान’ म्हणतात. वर्षभर जी उतरंड लोकांच्या मनात असते ती या दिवसांत रस्त्यावर उघड दिसते. म्हणूनच मानपानाचे तंटे बहुधा शिमग्यात उद्भवतात. त्यांपायी पालखी वर्षानुवर्षे बंद राहिली, प्रशासनास मनाई आदेश काढावे लागले, अशी गावेही कोकणात आहेत.

जेतवनाच्या नावाची यात्रा

आता जपानकडे वळू. छायाचित्रातील तो सोनेरी देव्हारा म्हणजे ‘मिकोशी’. जपानमधील देवस्थानांच्या यात्रेत देवतेस मिकोशीत बसवून वस्तीतून मिरवितात आणि तात्पुरत्या मुक्कामाच्या जागी ठेवतात. त्या जागेस ‘ओताबिशो’ म्हणतात. हीच तेथील सहाण. मिकोशी सरळ न नेता हेलकावे देत, उसळवीत नेतात, आणि तिच्या हालचालीत देवतेची शक्ती प्रकट होते असे मानतात.

या यात्रांत क्योतो नगरीतील ‘गिओन’ यात्रा सर्वांत प्रसिद्ध आहे. ती संपूर्ण जुलै महिना चालते. १७ जुलै रोजी सजविलेले प्रचंड रथ नगरातून निघतात. त्याच संध्याकाळी तीन मिकोशी ओताबिशोकडे जातात आणि २४ जुलै रोजी परततात. पालिच्या अभ्यासकास या यात्रेच्या नावातच मोठे आश्चर्य सापडते. ‘गिओन’ हा शब्द म्हणजे ‘जेतवन’ या नावाच्या चिनी भाषांतराचा जपानी उच्चार होय. श्रावस्तीच्या अनाथपिण्डिकाने जेत राजकुमाराकडून भूमी सुवर्णनाण्यांनी आच्छादून विकत घेतली आणि संघास विहार दिला, ही कथा आपणास परिचित आहे. त्याच जेतवनाचे नाव हजारो मैल दूर असलेल्या एका नगरीतील वस्तीस आणि यात्रेस लाभले.

हे कसे घडले? या देवस्थानातील मुख्य देवता ‘गोझु तेन्नो’, म्हणजे ‘गोशीर्ष देवराज’. ही देवता जेतवनाची रक्षक आहे, अशी जपानी बौद्धांची समजूत होती. हे देवस्थान अनेक शतके तेंदाई पंथाच्या एन्र्याकु-जी मठाच्या अंमलाखाली होते. इ. स. ८६९ मध्ये देशात रोगाची मोठी साथ आली, तेव्हा तत्कालीन ६६ प्रांतांच्या संख्येइतके भाले उभारून मिकोशीची मिरवणूक काढण्यात आली. तीच या यात्रेची सुरुवात मानतात. पुढे १८६८ मध्ये जपानच्या नव्या शासनाने बुद्धविहार आणि देवस्थाने यांची फारकत करण्याचे फर्मान काढले. तेव्हा गिओन देवस्थानाचे नाव बदलून ‘यासाका’ असे करण्यात आले. देवस्थानाच्या पाटीवरून जेतवन पुसले गेले. परंतु यात्रेचे नाव लोकांनी बदलले नाही, ते आजही गिओनच आहे. रथांपैकी दोन रथ आजही कान्नोनचे, म्हणजे अवलोकितेश्वराचे, म्हणून ओळखले जातात. नाहूरच्या पश्चिमेकडील डोंगरांपलीकडे कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात महाभयांपासून तारणारा जो अवलोकितेश्वर कोरलेला आहे, तोच हा.

या यात्रेच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग उद्बोधक आहे. १५३३ मध्ये राज्यकर्त्यांनी पंथीय संघर्षामुळे देवस्थानाचे विधी थांबविले. तेव्हा नगरातील व्यापारी व कारागीर यांनी विनंती केली की, देवाचे विधी नसले तरी चालतील, परंतु रथ निघू द्यावेत. म्हणजे यात्रा देवाची असली तरी रस्ता नगरजनांचा होता, आणि त्यांना त्याची जाणीव होती.

परंतु हे चित्र एवढेच रम्य नाही. मध्ययुगात गिओनच्या मिकोशीपुढे ‘इनुजिनिन’ नावाचे लोक चालत. रस्त्यातील प्रेते हलविणे, अशुद्धी दूर करणे ही त्यांची कामे; समाजात त्यांचा दर्जा अगदी खालचा. देवतेच्या मार्गाची शुद्धी त्यांनी करावयाची, पण स्वतः मात्र अशुद्धच राहावयाचे. पुढील काळात तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या ‘बुराकु’ समाजास अनेक गावांच्या यात्रांत मिकोशीस हात लावू दिला जात नसे. १९२२ च्या मार्च महिन्यात या समाजाने समतेसाठी ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली, ती याच क्योतो नगरीत. जेतवनाच्या नावाने यात्रा भरविणाऱ्या नगरीतच हे घडावे, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात येईल.

महाराष्ट्रातील वाचकास ही रीत अपरिचित नाही. होळी पेटविण्यासाठी विस्तव महारवाड्यातून आणावयाचा, अशी चाल अनेक गावांत होती. विस्तव त्यांच्या घरचा चालत असे, माणूस मात्र होळीपासून दूर. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांचा ढोल याच जातीचा होता. ढोल पालखीपुढे, पण ढोल वाजविणारा पालखीपासून अंतरावर. ज्यास सेवा म्हणून आत घेतले जाते आणि माणूस म्हणून बाहेर ठेवले जाते, त्यास त्या उत्सवाचा भागीदार म्हणता येत नाही.

पालि वाङ्मयातील समज्ज

भगवान बुद्धांच्या काळी अशा लोकोत्सवांस ‘समज्ज’ म्हणत. राजगृहात डोंगरमाथ्याशी निगडित असलेला ‘गिरग्गसमज्ज’ नावाचा मोठा उत्सव भरत असे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात असा प्रसंग येतो की, षड्वर्गीय भिक्षू हा उत्सव पाहण्यास गेले; तेव्हा गृहस्थ जसे कामभोगात रमतात तसेच हे श्रमण आहेत, अशी टीका लोकांनी केली. त्यावर भिक्षूंनी नृत्य, गीत, वाद्य पाहण्यास जाऊ नये असा नियम घालण्यात आला. हा नियम भिक्षूंसाठी आहे, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.

उपासकांसाठी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त पाहावे लागते. तेथे संपत्तिनाशाची सहा द्वारे सांगितली आहेत, त्यांत ‘समज्जाभिचरण’ हे एक आहे. कोठे नृत्य आहे, कोठे गाणे आहे, कोठे ढोल वाजतो आहे, असे शोधत फिरणाऱ्याचे दोष तेथे सांगितले आहेत. या शब्दातील ‘अभिचरण’ या अंशाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. दोष उत्सवाच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या मागे सतत धावण्याचा आहे, आणि तो संपत्तिनाशाच्या प्रकरणात सांगितला आहे. कर्ज काढून सण साजरा करणाऱ्या आजच्या कुटुंबास हे सुत्त समजावून सांगण्यास भाष्यकाराची गरज पडणार नाही.

गंमत अशी की, धम्माच्या इतिहासातील एका अत्यंत महत्त्वाच्या घटनेचा उगमही याच गिरग्गसमज्जात आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे की, उपतिस्स आणि कोलित हे दोन मित्र हा उत्सव पाहण्यास जात. हसण्याच्या ठिकाणी हसत, बक्षीस देण्याच्या ठिकाणी बक्षीस देत. एके दिवशी मात्र त्यांच्या मनात विचार आला की, हे सर्व लोक शंभर वर्षांच्या आत नाहीसे होणार आहेत. मग येथे पाहण्यासारखे काय आहे? त्या संवेगातून ते घराबाहेर पडले आणि पुढे सारिपुत्त व मोग्गल्लान म्हणून अग्रश्रावक झाले. ढोलताशांच्या मध्यभागी उभे राहूनही माणूस विचार करू शकतो, हे या कथेचे सार होय.

पालि वाङ्मयात मिरवणुकाही आहेत, आणि त्या मोठ्या अर्थपूर्ण आहेत. महापरिनिब्बान सुत्तातील वर्णन आठवावे. कुसिनारा येथील मल्लांनी तथागतांच्या देहास सहा दिवस नृत्य, गीत, वाद्य, माला व गंध यांनी मान दिला. सातव्या दिवशी नगराच्या बाहेरून दक्षिणेकडे नेऊन अग्निसंस्कार करावा असे त्यांनी ठरविले. आठ मल्लप्रमुख मस्तकस्नान करून, नवी वस्त्रे लेवून पुढे आले. पण देह त्यांना उचलेना. त्यांनी आयुष्मान अनुरुद्धांना कारण विचारले. अनुरुद्ध म्हणाले की, देवतांचा अभिप्राय निराळा आहे. देह उत्तर द्वाराने नगरात न्यावा, नगराच्या मध्यभागातून न्यावा आणि पूर्व द्वाराने बाहेर काढून मकुटबन्धन चैत्यापाशी न्यावा. मल्लांनी ते मान्य केले, आणि मग देह उचलला गेला.

कोकणातील वाचक हे वाचताना क्षणभर थबकेल. पालखी जड झाली, ती हलेना, आणि मार्ग बदलल्यावर हलली, हे त्याने ऐकलेले असते. परंतु मार्ग कोणता बदलला, हे पाहण्यासारखे आहे. मृतदेह वस्तीच्या बाहेरून न्यावा, हा शुद्धाशुद्धीचा लोकसंकेत होता आणि मल्लांची पहिली योजना त्यास धरून होती. सुत्ताने तो संकेत मोडला आणि मिरवणूक नगराच्या मध्यातून नेली. त्या रस्त्यावरचे कोणतेही घर वगळलेले नाही, कोणाचा पहिला मान सांगितलेला नाही. बौद्ध वाङ्मयातील ही पहिली मोठी मिरवणूक शुद्धतेच्या कुंपणातून आरपार जाते, असे आम्हास वाटते.

दुसरी मिरवणूक वेसालीची. अट्ठकथा सांगतात की, वेसालीत दुष्काळ आणि रोगराई पसरली असता आयुष्मान आनंदांनी लिच्छवी कुमारांसह रात्रभर नगराच्या तिन्ही तटांमधून फिरत रतनसुत्ताचा पाठ केला व भगवंतांच्या पात्रातील पाणी शिंपडले. गिओनची यात्रा रोगाच्या साथीतून जन्मली. कोकणातील ग्रामदेवताही रोगराईपासून गाव राखते अशी श्रद्धा आहे. भयाच्या वेळी माणसे घरात एकेकटी बसू शकत नाहीत. त्यांना एकत्र येऊन आपल्या वस्तीची सीमा पावलांनी पुन्हा आखावीशी वाटते. विशेष म्हणजे २०२० व २०२१ या वर्षांत जगभर साथ पसरली तेव्हा साथीसाठी सुरू झालेली गिओनची रथयात्रा साथीमुळेच निघू शकली नाही. ती २०२२ मध्ये पुन्हा निघाली.

सोपाऱ्याचे दोन शिलाखंड

समज्जाविषयी सर्वांत समतोल विचार आम्हास सम्राट अशोकाच्या शिलालेखांत आढळतो. पहिल्या शिलालेखात राजा समाजांत, म्हणजे याच समज्जांत, पुष्कळ दोष पाहतो व ते भरवू नयेत असे सांगतो. लगेच पुढे, काही समाज मात्र त्यास चांगले वाटतात असेही म्हणतो. चौथ्या शिलालेखात विमाने, हत्ती, अग्निस्कंध व दिव्य रूपे लोकांना दाखविल्याचा उल्लेख आहे. युद्धभेरीचा घोष आता धम्मघोष झाला आहे, असे तो अभिमानाने सांगतो. म्हणजे अशोकाने मिरवणूक बंद केली नाही. त्याने तिचा आशय बदलला.

नाहूरच्या वाचकांस हे जवळचे वाटावे असे आणखी एक कारण आहे. वसईजवळच्या सोपारा परिसरात अशोकाच्या दोन शिलालेखांचे खंड मिळाले आहेत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा खंड मिळाला, तर १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा खंड सापडला. चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन आपल्या दाराशी आहेत, आणि योगायोगाने दोन्ही आपल्या विषयाचे आहेत. आठव्या लेखात पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र संबोधीस गेलो आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक सांगतो. त्या यात्रेत काय होई? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट, आणि ग्रामीण जनांना प्रत्यक्ष भेटून धम्माविषयी संवाद. नववा लेख मंगलविधींविषयी आहे. आजारपण, विवाह, पुत्रजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. खरे धम्ममंगल म्हणजे दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, असे तो म्हणतो.

दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन! इनुजिनिन आणि ढोलवाले आजोबा यांच्या संदर्भात हे शब्द वाचले म्हणजे त्यांचे वजन कळते.

अशोकानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी चिनी भिक्षू फाहियान याने पाटलिपुत्रात पाहिलेली मिरवणूक याच परंपरेतील आहे. वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या अष्टमीस चार चाकांचे, बांबूचे, पाच मजली, स्तूपासारखे उंच रथ निघत. त्यांची संख्या वीसच्या आसपास असे. रथाच्या चारही बाजूंस बुद्धमूर्ती असत. ब्राह्मण येऊन बुद्धांना नगरात येण्याचे आमंत्रण देत आणि रात्रभर दीप व संगीत चाले. खोतान येथील अशाच मिरवणुकीत राजा मुकुट उतरवून अनवाणी सामोरा जाई, असेही त्याने नमूद केले आहे. आणि पाटलिपुत्राच्या वर्णनात फाहियान लगेच पुढे सांगतो की, त्या नगरात वैश्य प्रमुखांनी दीन, अनाथ व रोगी यांच्यासाठी औषधालये चालविली होती. रथ आणि औषधालय यांची ही जोड विसरण्यासारखी नाही.

दोर कोणाच्या हाती

महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासात हा प्रश्न सर्वांत उघडपणे नाशिकच्या रस्त्यावर उभा राहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; स्थानिक धुरा भाऊराव गायकवाड यांच्याकडे होती. ९ एप्रिल हा रामाचा रथ ओढण्याचा दिवस होता. दोन्ही पक्षांतील बलवान पुरुषांनी मिळून रथ ओढावा, असा समझोता झाला होता. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोरास लागण्यापूर्वीच रथ पुढे नेण्यात आला. अरुंद वाटेवर दगडफेक झाली, भास्कर कद्रेकर हा तरुण रक्तबंबाळ झाला. मंदिराचे दार बंद ठेवणाऱ्यांनी रस्त्यावरचा दोरही बंद ठेवला. हा सत्याग्रह पुढे कित्येक वर्षे चालला. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी तो आता चालवू नये असे कळविले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच नाशिक जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा केली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगावच्या बौद्धांनी देवकार्यातील परंपरागत कामे सोडली. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ याने त्या कामांचा कायदेशीर आधारही संपविला. यामुळे बौद्ध गावापासून तुटले, असा आक्षेप कधी कधी ऐकू येतो. तो आम्हास मान्य नाही. ढोल टांगून ठेवणे म्हणजे गाव सोडणे नव्हते. गावाने नेमून दिलेली जागा सोडणे होते.

उत्तर

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्यांस तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली शीलाची. दीक्षा घेतलेल्या उपासकाने देवतापूजेचा भाग म्हणून पालखी उचलणे हे त्याच्या प्रतिज्ञेशी विसंगत आहे. त्यात संदिग्धता नाही. शिवाय फाल्गुन पौर्णिमा हा उपोसथाचा दिवस आहे. त्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्याने नृत्य-गीत-वाद्य पाहण्यापासून दूर राहावयाचे असते. सणात मद्य असेल तर पाचवे शील प्रत्येक दिवशी लागू आहेच.

दुसरी गोष्ट रस्त्याची. शेजारधर्म शीलाच्या आड येत नाही. पालखी वाडीच्या रस्त्याने येणार असेल तर ती अडविण्याचे कारण नाही. तो रस्ता सर्वांचा आहे, हेच तर आपले म्हणणे आहे.

तिसरी गोष्ट कारणाची. गावाने बोलावले, ते मान देण्यासाठी की माणसे कमी पडली म्हणून? जपानमध्येही गावे ओस पडल्याने अनेक यात्रांना खांदेकरी मिळत नाहीत. क्योतोतील रथ ओढण्यास विद्यार्थी व स्वयंसेवक येतात. माणसे कमी पडली म्हणून का होईना, दार उघडते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु शिमग्यात उघडलेले दार शिमग्यानंतर उघडे राहते काय, हे पाहावे. पाणवठा, स्मशानभूमी, ग्रामसभेतील शब्द, लग्नाची पंगत, या ठिकाणी वर्षभर जी वागणूक मिळते ती खरी कसोटी. खांद्याचा मान वर्षातून एकदा देऊन उरलेल्या दिवसांचा हिशोब फिटत नाही.

हीच कसोटी आपण आपल्यालाही लावावी, असे आम्ही वर्गात सांगितले. १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला आपल्याही मिरवणुका मुंबईच्या रस्त्यांवरून निघतात. त्यांत स्त्रिया अग्रभागी आहेत की केवळ मागच्या रांगेत? वर्गणीसाठी गरिबाच्या दारात कोणी हटून बसतो काय? ध्वनिवर्धकाच्या भिंतींत धम्मघोष कोणाच्या कानी पडतो? आपल्यापैकीच एखाद्या पोटजातीस दोरापासून दूर ठेवले जाते काय? पाटलिपुत्राच्या रथांशेजारी औषधालय होते. आपल्या रथाशेजारी काय आहे?

आमचे विद्यार्थी गावी जाऊन आले. त्यांनी सांगितले की, पालखी वाडीच्या तोंडाशी आली. वाडीतील कोणी खांदा दिला नाही, नारळही दिला नाही. मात्र दुपारच्या उन्हातून आलेल्या खांदेकऱ्यांसाठी तरुणांनी पाण्याचे हंडे आणि चहा मांडून ठेवला होता. काही खांदेकरी प्यायले. दोघे-तिघे, त्यांत एक वयस्क मानकरी, न पिता पुढे गेले. “सर, कोण प्यायले आणि कोण नाही, ते आम्ही मोजले,” असे ते म्हणाले.

वाडीच्या वतीने ग्रामसभेत मांडण्यासाठी स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्याचा अर्ज त्यांनी त्याच मुक्कामात लिहून दिला. त्याची प्रत त्यांनी आम्हास दाखविली. अक्षर सुवाच्य होते, मागणी एकच होती, आणि खाली वाडीतील सर्व घरांच्या सह्या होत्या.